ठाऊक असलेल्या गोष्टीला श्रोता कसा मिळतो?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वान माणसे मोठमोठे विषय घेऊन येतात. आम्ही एक लहानसा प्रश्न घेऊन आलो आहोत, आणि तोही आमचा नव्हे. तो आपल्या पिशोरच्याच एका तरुणाचा आहे. हा तरुण वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहतो आणि सुटीच्या दिवशी एस. टी. धरून घरी येतो. गेल्या वर्षी त्याने आमच्यापुढे एक दोनशे पानी वही ठेवली. वहीत एक कथा होती. कर्ण युद्धाच्या सतराव्या दिवशी पडला, हे आपण सारे जाणतो. अठराव्या दिवशी त्याच्या घरी काय चालले होते, हे त्याने कर्णाच्या पत्नीच्या तोंडून लिहिले होते. वही आमच्या हाती देऊन तो म्हणाला, "भाऊ, कर्णावर लिहिणारे गल्लोगल्ली झालेत. या गर्दीत माझी वही कोण उघडणार? सांगा, नाहीतर जाळून टाकतो."

कामगार-संघटनेत आयुष्य गेल्यामुळे 'जाळून टाकतो' हे शब्द आम्ही हलके मानीत नाही. माणूस आपले म्हणणे जाळतो, तेव्हा ते बहुधा कायमचेच जळते. म्हणून त्याच्या प्रश्नाचा आम्ही वर्षभर विचार केला. त्याचे फळ आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन आपण पुढची किंवा मधली कथा रचावयाची, या लेखनाला आजची मुले 'फॅन फिक्शन' म्हणतात. आपण त्याला चाहत्यांचे लेखन म्हणू. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही चित्रमालिका १९६६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचे नियतकालिक स्वतःच काढले. त्याहीपूर्वीची गोष्ट शेरलॉक होम्सची. १८९३ साली कॉनन डॉईल यांनी या गुप्तहेरास एका कथेत मारून टाकले, तेव्हा वाचक इतके संतापले की ती कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणी अनेकांनी बंद केली. १९०३ साली डॉईलना त्यास पुन्हा जिवंत करावे लागले. वाचकाला एखादे पात्र आपल्या घरचे वाटू लागले की त्याच्यावर लेखकाची एकट्याची सत्ता राहत नाही, हा त्यातला धडा.

परंतु यासाठी अमेरिका-इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. आपला हा जिल्हाच या लेखनाची मोठी पेठ होता. यादवांच्या देवगिरीच्या काळात नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. कथा भागवतातली, सर्वांना ठाऊक. पुढे पैठणच्या एकनाथांनी तीच कथा घेऊन १५७१ साली आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले. नाथांनी 'भावार्थ रामायण' हाती घेतले. युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत ते आले आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला, असे परंपरा सांगते. पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, लोकांनी वेडगळ ठरविलेला हा मुलगा. गुरूचे अपुरे रामायण पुरे करणाऱ्या या गावबाला चाहत्यांच्या लेखनाचा मराठीतील मूळपुरुष म्हणावयास आमची हरकत नाही. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर. त्याने महाभारताची पर्वे मराठीत आणली आणि व्यासांच्या काळात स्वतःच्या काळातले फिरंगीसुद्धा आणून बसविले. बारामतीच्या मोरोपंतांनी, १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ, एकशे आठ रामायणे रचली असे म्हणतात. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. म्हणजे प, फ, ब, भ, म यांसारखे ओठ मिटून उच्चारावयाचे एकही अक्षर त्यात नाही.

तेव्हा गर्दी आजचीच नव्हे. रामकथा सांगणारा प्रत्येक कवी हजार रामकथांच्या गर्दीत उभा होता, आणि तरीही काहींना श्रोते मिळाले. ते का मिळाले? आम्हांला दिसलेली कारणे क्रमाने सांगतो.

पहिले कारण आरंभाचे. ते आम्ही स्वतःच्या फजितीतून शिकलो. तरुणपणी एका कारखान्याच्या दारात पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही पथनाट्य केले होते. कथा एकलव्याची. शिकाऊ कामगारांकडून वर्षानुवर्षे काम घ्यावयाचे आणि कायम करण्याची वेळ आली की अंगठा मागावयाचा, असा रोख. कल्पना वाईट नव्हती. पण आम्ही नुकतेच चार ग्रंथ वाचलेले. शाळा अर्धी टाकून पुढे स्वतःच वाचून शिकलेल्या माणसास ज्ञान दाखविण्याची घाई असते. म्हणून आरंभी आम्ही गुरुकुलपद्धतीवर वीस मिनिटे बोललो. लोक थकलेले, बस पकडावयाची. एकलव्य रंगमंचावर आला तेव्हा समोर चहावाला आणि एक पहारेकरी उरला होता. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानेच आम्हांला सांगितले, "भाऊ, अंगठ्याची गोष्ट समद्यांना माहीत आहे. अंगठा पहिल्यांदा तोडा, मग बोला." आम्ही तसे केले. पडलेल्या अंगठ्यापासून नाटक सुरू झाले आणि निदान शे-सव्वाशे माणसे बस सोडून थांबली.

चहावाल्याच्या या वाक्यात या कलेचे मर्म आहे. नवी गोष्ट सांगणारास माणसे, गाव, काळ यांची ओळख करून द्यावी लागते. ठाऊक असलेली गोष्ट सांगणारास ती मोकळीक मिळालेली असते. श्रोता आधीच निम्म्या वाटेवर येऊन उभा आहे. त्याला पुन्हा वेशीवर नेऊन चालविण्यात अर्थ नाही. जेथे मूळ कथा गप्प बसते, तेथून आपण बोलू लागावे. व्यासांनी कर्णाच्या पत्नीस फारसे बोलू दिलेले नाही. ती जागा मोकळी आहे. लेखकाने प्रथम अशी मोकळी जागा हुडकावी.

दुसरे कारण पाटीचे. बाजाराच्या दिवशी गूळ विकावयास बसलेला मनुष्य गूळ पोत्याखाली झाकून ठेवीत नाही. श्रीधर कवीचे उदाहरण घ्या. त्याचा 'हरिविजय' १७०२ सालचा, 'रामविजय' १७०३ सालचा, 'पांडवप्रताप' १७१२ सालचा आणि 'शिवलीलामृत' १७१८ सालचे. नाव ऐकताच आत काय आहे ते कळते. अध्याय असा बेतलेला की एका बैठकीत वाचून व्हावा, आणि ग्रंथाच्या शेवटी ऐकणाऱ्यास काय लाभेल तेही सांगितलेले. फलश्रुतीला हसणारे हसोत; आम्हांला तिच्यात श्रोत्याविषयीचा आदर दिसतो. श्रोत्याचा वेळ आपण घेतो, तर बदल्यात काय देणार हे त्यास मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आमच्या तरुणाने वहीवर नाव घातले होते 'ज्वाला'. ज्वाला कसली, कोणाची? आम्ही म्हणालो, "बाबा रे, कर्णाचे नाव झाकून ठेवलेस तर कर्णावर प्रेम करणारा मनुष्य तुझ्या दारावरून निघून जाईल, आणि त्याला ते कळणारही नाही." पाटीवर तीन गोष्टी असाव्यात: कथा कोणाची, कोणाच्या तोंडून, आणि कोठपासून. याहून अधिक सांगू नये. शेवट तर मुळीच सांगू नये.

तिसरे कारण निष्ठेचे, आणि येथे पुष्कळ लेखक घसरतात. लोक कर्णाची कथा ऐकावयास येतात ते कर्णासाठी. त्यांना त्यांचा कर्ण भेटला पाहिजे: दानशूर, मानी, आणि मित्राला न सोडणारा. कर्णाला भित्रा केला तर कथा नवी होईल, पण तो कर्ण राहणार नाही. नुसते नाव उसने घेतल्यासारखे होईल. मग नवे काय आणावयाचे? नवी जागा, नवा डोळा. वि. स. खांडेकरांनी १९५९ सालच्या 'ययाति'त तीच कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली, आणि एकाच घराला तीन खिडक्या पडल्या. शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्णही बोलतात. त्याच वर्षी इरावतीबाई कर्वे यांचे 'युगान्त' आले. त्यांनी या व्यक्तींवरचे देवत्वाचे वलय बाजूस ठेवून त्यांना माणसे म्हणून पाहिले. तिघांनीही महाभारताचा सांगाडा मोडला नाही, आणि तिघांनाही अमाप वाचक लाभले. माणूस तोच, दिवा दुसरीकडून धरलेला, असे या कलेचे वर्णन करता येईल.

चौथे कारण नेमाचे. आपल्याकडे पोथी चातुर्मासात लागते, सप्ताह सात दिवसांचा असतो, कीर्तन ठरल्या वेळी उभे राहते. श्रोता घरातील कामे त्या बेताने उरकतो. होम्सच्या कथांना मासिकाने अशीच सवय लावली: एका अंकात एक पुरी कथा, आणि तोच नायक पुढच्या महिन्यास पुन्हा हजर. आम्ही संघटनेत हे फार पूर्वी शिकलो. महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी भरणाऱ्या लहान सभेने जे होते, ते वर्षातून एकदा भरणाऱ्या प्रचंड मेळाव्याने होत नाही. जो लेखक आज तीन प्रकरणे देतो आणि मग चार महिने तोंड दाखवीत नाही, त्याला श्रोता विसरतो. आणि अर्धी टाकलेली कथा ही तर मोडलेल्या वचनासारखी असते. थोडे लिहावे, वेळेवर द्यावे, आणि पुरे करावे. गावबाची थोरवी हीच की त्याने पुरे केले.

पाचवे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. गर्दीत ज्याला ऐकवावयाचे आहे, त्याने आधी ऐकले पाहिजे. कलगी-तुऱ्याचे फड आठवा. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने सवाल टाकावयाचा, दुसऱ्याने जबाब द्यावयाचा, आणि रात्र सरावयाची. आता विचार करा: तुरेवाल्याने कलगीवाल्याचा सवाल नीट ऐकलाच नाही तर तो उत्तर काय देणार? प्रतिस्पर्धी हाच तेथे पहिला आणि सर्वांत जाणता श्रोता. दोघांचे चाहते एका मांडवात येतात, म्हणून गर्दी कोणालाच जाचत नाही. तिनेच मांडव भरतो. आमच्या तरुणास आम्ही विचारले, "कर्णावर लिहिणारे गल्लोगल्ली आहेत म्हणतोस, त्यांतील कितींचे वाचलेस?" तो गप्प बसला. ज्यांना तो आपले शत्रू समजत होता, तेच त्याचे पहिले वाचक व्हावयाचे होते. कर्णाच्या पत्नीविषयी त्यांच्याइतकी उत्सुकता गावात दुसऱ्या कोणाला असणार? दुसऱ्याचे वाचावे, आवडले ते त्याला मनापासून सांगावे, काय आवडले ते नेमके सांगावे. मात्र स्तुती करून लगेच आपली वही पुढे करू नये. तो व्यवहार लगेच ओळखू येतो.

आता ज्या मार्गांनी जाऊ नये तेही सांगितले पाहिजे. गर्दीत आवाज चढविला की चार माणसे वळून पाहतात, हे खरे; पण ती लगेच पुढेही जातात. एखाद्या देवतेची किंवा संताची विटंबना करून, एखाद्या जातीला डिवचून, अथवा अंगप्रदर्शनाची वर्णने पेरून जमविलेली गर्दी कथेची नसते, तमाशाबाहेर उभ्या असलेल्या बघ्यांची असते. तमाशातला वगसुद्धा तेवढ्यावर कधी चालला नाही. दुसरी चूक रडगाण्याची: 'माझे कोणी वाचत नाही' हे गाऱ्हाणे ऐकून वाचक येत नाही, असलेला मात्र जातो. तिसरी चूक मोजण्याची. दारसभेत आम्ही डोकी मोजीत नसू. शेवटपर्यंत थांबून प्रश्न विचारणारे मोजीत असू. तसे दहा मिळाले की संघटना उभी राहते.

यावर एक आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. सुशिक्षित मंडळी म्हणतात, ही उसनवारी आहे. किंवा स्पष्टच म्हणतात, ही चोरी आहे. यात दोन प्रश्न एकत्र झाले आहेत, ते वेगळे करू.

पहिला प्रश्न हक्काचा. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे ग्रंथाचा हक्क त्याचा व त्याच्या वारसांचा असतो. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०३६ अखेरपर्यंत राहील. सावंत २००२ साली गेले. त्यांचा २०६२ अखेरपर्यंत. व्यासांचा कर्ण सर्वांचा आहे, त्याच्यावर कोणीही लिहावे. पण सावंतांनी स्वतःच्या कल्पनेने रचलेले प्रसंग आणि त्यांची वाक्ये उचलून पुस्तक विकावयाचे असेल तर परवानगी हवी. वहीत लिहून मित्रांना वाचून दाखविणे वेगळे, आणि बाजार मांडणे वेगळे.

दुसरा प्रश्न नावाचा, म्हणजे प्रामाणिकपणाचा. स्पेनमध्ये सर्वांतेस यांच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला. १६१४ साली आवेयानेदा असे खोटे नाव घेऊन कोणीतरी तिचा दुसरा भाग छापला, आणि प्रस्तावनेत मूळ लेखकाच्या म्हातारपणाची टवाळी केली. सर्वांतेस यांनी पुढच्याच वर्षी आपला खरा दुसरा भाग काढून त्याला उत्तर दिले. जग आज त्या खोट्या भागाला तेवढ्यापुरतेच ओळखते. उलट आपल्या नरेंद्राची कथा पाहा. महानुभाव परंपरा सांगते की रामदेवराव यादवाला त्याचे काव्य इतके आवडले की सोने घेऊन ते आपल्या नावावर कर, असे राजा म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. कथा त्याची नव्हती, भागवताची होती. पण सांगणे त्याचे होते, आणि ते विकण्यास त्याने नकार दिला. गावबाने गुरूला पुढे ठेवून लिहिले, आवेयानेदाने मूळ लेखकाला हिणवून लिहिले. उसनवारी दोघांनी केली. एक वारस ठरला आणि दुसरा चोर.

आणि ज्यांना ही उसनवारी कमी दर्जाची वाटते, त्यांना आम्ही आमच्या घरचे उदाहरण देतो. कष्टकरी माणसाजवळ कागद नव्हता, छापखाना नव्हता. जवळ होत्या त्या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी आणि चाली. सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशातील गण-गौळण घेऊन तिच्यातून नवा विचार सांगितला. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, तोच साचा घेऊन गावकुसाबाहेर जागृती नेली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा ठेवला. गणात देवाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले. गिरणगावातील कामगार ऐकावयास बसला, कारण सुरुवात त्याच्या ओळखीची होती. आणि बसून राहिला, कारण पुढचे बोलणे त्याच्या स्वतःविषयी होते. ज्याला स्वतःचे व्यासपीठ नाही, त्याला ठाऊक असलेली गोष्ट हेच व्यासपीठ असते. ते काढून घेतले तर तो मुका होतो. म्हणून या वहीचा प्रश्न आम्हांला लहान वाटला नाही.

शेवटी त्या वहीचे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. वहीची पहिली सात पाने कुरुवंशाच्या हकिगतीत गेली होती. आठव्या पानावर शल्य कर्णाचा रथ रिकामाच घेऊन परतताना कर्णाची पत्नी पाहते. आम्ही म्हणालो, "कथा येथून सुरू होते." तरुणाला ती सात पाने काढवत नव्हती, आमचेही गुरुकुल आम्हांला काढवले नव्हते. तेव्हा आम्ही त्याला एकलव्याची आणि चहावाल्याची हकिगत सांगितली. तो हसला, आणि त्याने ती पाने दुमडून ठेवली. 'ज्वाला' खोडून 'कर्णाच्या घरचा अठरावा दिवस' असे नाव घातले. वाळूजला खोलीवर राहणाऱ्या सोबत्यांना तो शनिवारी रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवू लागला. पहिल्या शनिवारी आठजण बसले, दोघे झोपी गेले. दुसऱ्या शनिवारी पाच आले. तो निराश होऊन आमच्याकडे आला. आम्ही विचारले, "त्या पाचांपैकी कोणी काही विचारले का?"

तो म्हणाला, "एकाने विचारले, पुढे तिचे काय झाले."

आम्ही म्हणालो, "मग घरी जा आणि पुढचे प्रकरण लिही. शनिवार चुकवू नकोस."

त्याने अद्याप एकही शनिवार चुकविलेला नाही.